बधिर करणारी सुई दुखलीच पाहिजे काय?

जूचंद्रसारख्या गावात दाढ ठणकू लागली म्हणजे प्रथम लवंगेचे तेल, मग मिठाच्या गुळण्या, मग औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी, असा उपचारांचा क्रम जणू ठरलेलाच असतो. आणि हे सर्व थकून गाल सुजला, तोंड उघडेनासे झाले, म्हणजे मग मनुष्य नायगावच्या किंवा वसईच्या दंतवैद्याची पायरी चढतो. या दिरंगाईस पैशाची अडचण कारण असते, मशेरी लावून दुखणे दाबून ठेवण्याची जुनी सवयही कारण असते, परंतु खोदून विचारले असता पुष्कळांच्या तोंडून निघते ते एवढेच, की "हिरडीत सुई टोचतात ना, तिचंच भ्या वाटतं." ही भीती बालिश म्हणून उडवून लावण्याचा जो दस्तूर पडला आहे तो मला अन्याय्य वाटतो. ती बहुतांशी पूर्वी सोसलेल्या वेदनेतून उपजलेली असते, आणि त्या वेदनेचा मोठा भाग टाळता येण्याजोगा होता.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखविला, आणि लवकरच अमेरिकेत विल्यम हॅल्स्टेड याने तेच द्रव्य जबड्याच्या मज्जातंतूपाशी टोचून दाखविले. या प्रयोगांपायी तो स्वतः कोकेनच्या व्यसनात सापडला. पुढे १९४३ मध्ये स्वीडनच्या नील्स लोफग्रेन याने लिडोकेन हे बधिर करणारे औषध सिद्ध केले. ते १९४८ साली बाजारात आले, आणि त्याच वर्षी आपल्या देशात दंतवैद्यकाचा कायदाही झाला. औषधाची उणीव अशा रीतीने केव्हाच दूर झाली आहे. ते देण्याच्या रीतीकडे मात्र आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

वेदना नेमकी कोठून येते हे पाहिले तर इलाजही दिसू लागतो. बधिरतेचा परिणाम अधिक काळ टिकावा म्हणून औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते, आणि ते नासू नये म्हणून द्रावण मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात. आत शिरताना होणाऱ्या जळजळीचे हे एक प्रमुख कारण होय. टोचण्यापूर्वी ऐनवेळी त्यात सोडियम बायकार्बोनेटचे निर्जंतुक द्रावण ठरावीक अल्प प्रमाणात मिसळले, किंवा थंड कुपी शरीराच्या उष्णतेइतकी कोमट करून घेतली, तर ही आग कमी होते. आपल्याकडील पुष्कळ दवाखान्यांत ३० मिलिलिटरच्या कुपीतून औषध साध्या सिरिंजमध्ये ओढून घेतात. कुपीचे रबरी बूच भेदणारी सुई बदलून हिरडीसाठी नवी, बारीक सुई लावावयास असा कितीसा खर्च येतो? टोचण्याच्या जागी बधिर करणारी जेली लावण्याची पद्धत आहे, पण लाळेने ओल्या हिरडीवर ती क्षणभर फासून लगेच सुई खुपसली तर तिचा उपयोग नावापुरताच. जागा कापसाने कोरडी करून जेली एकदोन मिनिटे तशीच राहू दिली पाहिजे. टाळूवर अंतस्त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने तेथील सुई सर्वांत जाचक. म्हणून टोचण्याच्या जागेशेजारी बोळ्याने घट्ट दाब द्यावा. गाल किंवा ओठ हलवीत राहिल्यानेही वेदना कमी भासते, कारण स्पर्शाची संवेदना वेदनेच्या संदेशाची वाट अडविते, असे प्रतिपादन मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली केले होते.

या सर्वांहून महत्त्वाचा आहे तो वेग. औषध मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर, याहून वेगाने सोडू नये असा संकेत आहे; घाईने दट्ट्या दाबला की ऊती ताणल्या जातात आणि रोगी खुर्चीचे हात आवळून धरतो. जूचंद्र हे रांगोळीकारांचे गाव. चिमटीतून रंग किती सुटतो यावर अंगठ्याची हुकमत असल्याखेरीज चेहऱ्यावरची छटा उतरत नाही, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दंतवैद्याच्या अंगठ्याकडून मी हीच हुकमत मागतो.

बाहेर बाकावर माणसे खोळंबली असता प्रत्येकामागे दोनतीन मिनिटे अधिक कोठून आणावयाची, असे दंतवैद्य विचारतील, आणि सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यातील गर्दी पाहता ही अडचण खोटी म्हणवत नाही. पण हिशेब पुढेपर्यंत मांडला पाहिजे. भिऊन घरी बसलेल्याची कीड मुळापर्यंत जाते, पू होतो. पू झालेल्या भागातील ऊती आम्लधर्मी झाल्याने तेथे औषधाचा अंमल नीट चढत नाही, मग पुनःपुन्हा टोचावे लागते, आणि जो दात वेळीच भरून वाचला असता तो उपटावा लागतो. पहिल्या भेटीत वाचविलेली मिनिटे अशी व्याजासह वसूल होतात, आणि ते व्याज रोगी भरतो.

म्हणून दंतमहाविद्यालयांनी प्रात्यक्षिक परीक्षेत जबडा बधिर झाला की नाही एवढेच न पाहता, तो बधिर करताना रोग्यास किती दुखले याचेही गुण द्यावेत. आणि सार्वजनिक दवाखान्यांच्या औषध-मागणीपत्रकात जेली व बारीक सुया यांची तजवीज सक्तीची असावी. रोग्यानेही खुर्चीत बसताच "जेली लावून जरा थांबा, औषध सावकाश सोडा" असे निःसंकोच सांगावे. तसे सांगण्याची त्यास पूर्ण मुभा आहे. आणि आईबापांनी मुलास "गप्प बस, नाहीतर डॉक्टरांना सुई टोचायला सांगेन" असा धाक घालणे आजपासून बंद करावे.