मडगार्डचा पत्रा जोडताना

कास्तकार बंधूंनो, कापसाच्या खेपा हिंगणघाटला सुरू होण्याआधी ट्रॅक्टरचा चिरलेला मडगार्ड जोडून घ्या. पातळ पत्रा तापला की फुगतो, निवताना आखडतो. म्हणून सलग वेल्डिंग केले तर तो वाकडातिकडा होतो. कडा नीट भिडवून इंच-दीड इंचावर नुसते टाके मारायला सांगा. मग एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला. हात लावता येईल इतका पत्रा निवला की पुढचा. वरून पाणी ओतू देऊ नका. गॅसपेक्षा सीओटू मशीन बरे, पत्रा कमी तापतो. वेल्डर कुरकुर करील, करू द्या. ओढलेला मडगार्ड टायरला घासू लागला तर भुर्दंड तुम्हालाच. बॅटरीची तार आधी सोडवा. आणि कापसाच्या गंजीजवळ हे काम मुळीच नको.