कॉलेजला निघतांना कागदांची शिदोरी

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं खरेदीची धांदल उडते. नवे कपडे, नवी पिशवी, आणि ऐपत असेल तेथें नवा मोबाइलही येतो. या हौसेस कोणी दूषण देऊं नये; मुलगा किंवा मुलगी प्रथमच कॉलेजांत जाते, हा कुटुंबाच्या आनंदाचाच प्रसंग होय. परंतु माझें मत असें आहे कीं, कॉलेजांत जाणाऱ्याची खरी तयारी बाजारांत होत नसून ती घरांतील पेटींत, शाळेच्या दप्तरांत व तहसीलदाराच्या कचेरींत होत असते. आणि ती निकालानंतर नव्हे, तर निकालापूर्वीं निदान एक वर्ष सुरू झाली पाहिजे.

प्रथम कागद कोणते तें पाहूं. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड, पासपोर्ट आकाराचीं छायाचित्रें व स्वतःच्या नांवाचें बँकखातें, हीं सर्वांनाच लागतात. ज्यांना राखीव जागा, फीची सवलत अथवा शिष्यवृत्ति हवी असेल, त्यांना आपापल्या वर्गानुसार जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांपैकीं कांहीं लागतात. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सबंध राज्यांत ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागला. तेव्हां प्रवेशाच्या यादींत नांव लागूनही ठरलेल्या मुदतींत कागद न दाखवितां आल्यास जागा हातची जाण्याचें भय खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांनाही आहेच.

या सर्वांचें मूळ म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. नांव, आडनांव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात इत्यादि जें शाळेच्या जनरल रजिस्टरांत लिहिलेलें असतें, तेंच दाखल्यावर उतरतें, आणि पुढील कागद त्याच्याशीं ताडून पाहिले जातात. शाळेंत ‘गणपत’, आधारकार्डावर ‘गणपतराव’ व बँकेंत ‘गणेश’ असा एकच मुलगा तिघांच्या रूपानें वावरूं लागला, तर कारकुनानें त्यांतील कोणास खरा मानावें? विद्यार्थी शाळेंत असेपर्यंत पुराव्यासह अर्ज केल्यास खात्याच्या परवानगीनें नोंद दुरुस्त होऊं शकते. शाळा सोडल्यावर मात्र नियम फार आवळले जातात. म्हणून नववींतील प्रत्येक विद्यार्थ्यानें रजिस्टरांतील आपली नोंद एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावी, असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. तसेंच आधारकार्डावरील बोटांचे ठसे व छायाचित्र वयाच्या १५ व्या वर्षीं नव्यानें द्यावे लागतात. तें काम दहावींतच उरकून घ्यावें.

दुसरा अवघड कागद जात वैधतेचा. सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं जातीच्या दाखल्यांच्या पडताळणीची रीत घालून दिली व महाराष्ट्रानें त्यासाठीं पुढें २००० सालचा अधिनियम केला. खोट्या दाखल्यांवर जागा बळकावल्या जात असल्यामुळें हा निर्बंध आवश्यकच होता. परंतु त्यासाठीं पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पूर्वींचा. म्हणजे नातवाच्या प्रवेशासाठीं आजोबा-पणजोबांच्या शाळेंतील नोंदीचा उतारा शोधणें आलें. कधीं ती शाळा दुसऱ्या तालुक्यांत असते. कधीं जुनी नोंद मोडी लिपींत असल्यामुळें ती वाचणारा जाणता मनुष्य शोधावा लागतो. हें काम निकाल आणि प्रवेश यांच्यामधील थोड्या दिवसांत होईल, अशी आशा करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

याची झळ सर्वांना सारखी लागत नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. ज्याचे वडील वकील अथवा शिक्षक आहेत, त्याच्या घरीं कागद एका फाइलींत लावलेले असतात. परंतु बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगाराचा मुलगा पाहा. त्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. घरीं आजी व धाकटीं भावंडें असतात. मुलाच्या दहावीचें वर्ष याच काळांत सरतें. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं सही कोणी करावी? आजोबांची शाळा कोणती, हें त्यास कोणी सांगावें? त्या मुलास गुण उत्तम पडूनही जागा जाऊं शकते. आणि असा मुलगा एकदां उसाच्या फडांत गेला कीं पुन्हां वर्गांत परततोच असें नाहीं. मुलीची गोष्ट तर याहून नाजूक. तिचें एक वर्ष गेलें म्हणजे घरांत लग्नाची भाषा सुरू होते. शासनानें २०२४ सालीं ज्या मुलींच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आंत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्तुत्य खरा. पण त्याचें दार उघडणारी किल्ली म्हणजे हेच दाखले होत.

कोणी म्हणेल, ‘हा सर्व दोष राज्यकर्त्यांचा. जो कागद सरकारनेंच दिला, तोच सरकारनें गरिबाजवळ पुन्हां पुन्हां कां मागावा?’ हा आक्षेप खोटा नाहीं, आणि नागरिकांनीं तो बोलून दाखविलाच पाहिजे. कांहीं सुधारणा अशा तक्रारींमुळेंच झाल्या आहेत. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळण्याचा हक्क दिला असून ती न मिळाल्यास अपील करतां येतें. परंतु पद्धत सुधारेपर्यंत विद्यार्थ्याचें वर्ष थांबून राहत नाहीं. म्हणून अर्ज स्वतः करावा, पोंच घ्यावी, पोंचेवरील तारीख जपावी, आणि कचेरीबाहेर ‘काम करून देतों’ म्हणणाऱ्याच्या हातीं कागद व पैसे देऊं नयेत. सोळा वर्षांच्या मुलानें वा मुलीनें स्वतः रांगेंत उभें राहून स्वतःचा दाखला मिळविणें, हें मला कॉलेजशिक्षणाचा पहिला धडाच वाटतो.

मिळालेले कागद जपण्याविषयींही दोन शब्द. मूळ कागद पडताळणीपुरते दाखवावे व तत्काळ परत घ्यावे. प्रवेशाच्या वेळीं मूळ प्रमाणपत्रें तपासून परत करावींत, तीं अडकवून ठेवूं नयेत, असें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं उच्च शिक्षणसंस्थांना बजावलें आहे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र संस्थेकडे द्यावा लागतो. म्हणून त्याच्या चार-पांच प्रती आधींच काढून ठेवाव्या. २०१५ सालीं सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्यें गुणपत्रक ठेवावें. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशीं जोडलेल्या खात्यांतच जमा होत असल्यामुळें ती जोडणीही आधींच तपासावी.

आतां वस्तूंविषयीं. परगांवीं वसतिगृहांत राहणाऱ्यास फार सामान लागत नाहीं. पेटी व तिला भक्कम कुलूप, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-पेला, छत्री, सुईदोरा, नेहमींचीं औषधें, एक चांगला शब्दकोश, आणि घरच्यांचे व शाळेचे फोन क्रमांक लिहिलेली छोटी वही. मोबाइल बंद पडला म्हणजे त्या वहीची किंमत कळते. बाकीचें सामान तेथें गेल्यावर गरजेप्रमाणें घ्यावें. सोबत्यांच्या बरोबरीसाठीं कर्ज काढून आणलेली वस्तु मुलाच्या मनावर ओझेंच होते.

शेवटीं आम्हां शिक्षकांचें कर्तव्य. आपण आठ-आठ महिने समीकरणें व संधि-समास शिकवितों, तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांत कॉलेजांत गेलेलें कोणीच नाहीं, त्या घरच्या मुलास ही वाट दुसरें कोण दाखविणार? नववीच्या वर्गांत महिन्यांतून एक तास याच कामीं लावावा. पहिल्या तासास रजिस्टरांतील नोंदी वाचून घ्याव्या, दुसऱ्यास प्रत्येकानें आपल्या कागदांची यादी करावी व उणें काय तें लिहावें, आणि पुढील तासांत अर्ज कसा भरावा तें शिकवावें. ज्यांचे पालक ऊसतोडीस अथवा वीटभट्टीस जाणारे आहेत, त्यांना दिवाळीपूर्वींच बोलावून सह्या व कागद मिळवावे. यास ग्रँट लागत नाहीं, इमारत लागत नाहीं. आस्था मात्र लागते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जे यंदां नववींत आहेत, त्यांनीं हा अंक घरीं नेल्यावर प्रथम आजीपाशीं बसावें आणि आजोबा कोणत्या गांवच्या शाळेंत जात होते, तें विचारून लिहून ठेवावें.