धूमकेतू आणि बँकेचा निरोप्या

बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय (१८९५). गुलामांच्या व्यापाराचा इतिहास लिहिणारे हे इतिहासकार कल्पितही लिहीत. 'डार्क प्रिन्सेस' (१९२८) या कादंबरीची नायिका तर भारतीय राजकन्या!

पण आम्हाला भिडली ती 'द कॉमेट' (१९२०) ही कथा. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडते. तळघरात पाठविलेला बँकेचा काळा निरोप्या जिम वाचतो, एक श्रीमंत गोरी तरुणीही वाचते. आपण दोघेच उरलो असे वाटताच वर्णभेद गळून पडतो. मग तिचे वडील येतात. शहराबाहेरचे जग जिवंतच असते! ती जिमकडे पुन्हा पाहत नाही. त्याच्या हातात पैसे उरतात, वर नोकरीचे आश्वासन. तो पैशांकडे बघत उभा असतो, तोच मेलेले बाळ कवटाळून त्याची बायको येते.