शब्दच नाहीत, तर शिकवणार कशात?

लैंगिक शिक्षण शाळेत हवं की नको, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी उकरून निघतो. संस्कृती निघते, पाश्चात्त्य निघतात, मग परीक्षा जवळ येतात आणि सगळे गप्प. २००७ साली केंद्राचा किशोरवयीन मुलांसाठीचा कार्यक्रम अशाच गदारोळात महाराष्ट्रासकट अनेक राज्यांनी थांबवला होता.

मला मात्र वेगळंच विचारायचंय. शिकवायचं ठरलं तरी ते नक्की कुठल्या शब्दांत शिकवणार?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात प्रजनन, मासिक पाळी, लैंगिक आजार हे सगळं आहे. पण ते वृषण, अंडाशय, युग्मक अशा शब्दांत. आकृती काढा, नावं द्या, मार्क घ्या. दुसरी भाषा रस्त्यावरची. तीत प्रत्येक अवयवाला शब्द आहे, पण तो शिवी म्हणूनच ऐकलेला. आणि तिसरी आपली घरातली. 'तिथे', 'शूची जागा', 'कावळा शिवला', 'बाजूला बसलीये', 'अडचण आहे'. म्हणजे शब्दांनाच पडदा!

आता वर्गातल्या बाईंचं काय होत असेल बघा. पुस्तकातला शब्द मुलांना कळत नाही, रस्त्यावरचा उच्चारता येत नाही, घरातल्या शब्दाला नेमका अर्थ नाही. मग 'हा धडा घरी वाचून या'. यात बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना हे मोठ्याने बोलायला कोणी शिकवलंय कुठे?

हे नुसतं संकोचाचं प्रकरण असतं तर मी लिहिलं नसतं. पण आठ वर्षांची मुलगी घरी येऊन 'काका त्रास देतात' एवढंच म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं काका चिडवत असतील. काय झालं ते सांगायला तिच्याकडे शब्दच नसतो. २०१२ साली पॉक्सोसारखा कडक कायदा आला, पण त्याची सुरुवातही कुणाला तरी काहीतरी सांगण्यापासूनच होते ना?

मोठ्या मुलांचं तेच. याच कायद्याने अठराच्या आतल्या मुलीची 'संमती' ही संमती धरली जात नाही. सतरा-अठराच्या किती मुलांना हे माहीत असतं? माहीत होतं ते थेट पोलीस दारात आल्यावर. आणि पाळी चुकलेली मुलगी ते कोणाला, कसं सांगायचं या विचारात आठवडे घालवते. गर्भपाताच्या बाबतीत तर आठवड्यांनाच महत्त्व असतं.

मराठीला हे जमत नाही असं म्हणू नका. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ साली वारेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, तेही मराठीत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे होते. खटला हरले, पण मासिक बंद केलं नाही. आपण अजून कावळ्यावरच आहोत.

मग करायचं काय? माझ्या मते सुरुवात पहिली-दुसरीतच व्हावी. नाक, कान, कोपर शिकवतो तशीच उरलेल्या अवयवांची नावं, त्याच आवाजात. पाळीबद्दल पाचवीत सांगावं, म्हणजे पाळी येण्याआधी, आणि मुलामुलींना एकत्र. मुलींना हॉलमध्ये नेऊन दार लावायचं आणि मुलांना ग्राउंडवर पिटाळायचं, यातून मुलं एवढंच शिकतात की हसण्यासारखं काहीतरी आहे. आठवी-नववीत वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी. चिठ्ठीवर नाव नको, शब्द मुलांचे. बाईंनी न रागावता त्या शब्दाशेजारी पुस्तकातला शब्द ठेवावा आणि उत्तर द्यावं. कायदाही तेव्हाच सांगावा. आणि या सगळ्याआधी शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं. सीडी दाखवून नाही, हे शब्द एकमेकांसमोर मोठ्याने म्हणायला लावून!

'याने मुलं बिघडतील' हे येणारच. युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासून २०१८ साली सांगितलंय की अशा शिक्षणाने मुलं लवकर त्या वाटेला जातात असं दिसत नाही. शिवाय मोबाइल सगळ्यांच्याच हातात आहे. तो काय दाखवतो हे आपल्याला चांगलंच माहीत आहे.

असो. घरच्या मंडळींपैकी निम्मे इथवर पोचण्याआधीच उठून गेले असतील. जे उरलेत त्यांना एक विनंती. घरात सात-आठ वर्षांचं पोर असेल, तर उद्या आंघोळ घालताना त्याला सगळ्या अवयवांची नावं सांगून बघा. कुठे अडखळलात ते मला जरूर कळवा.