फीसाठी जमीन अडकवायची नाही

बारावीचा निकाल लागला की पाड्यापाड्यात एकच घोर : पोरीला कॉलेजात घालायचं, पण पैसा कुठून? मग शेळ्या विकतात, सावकाराकडं जमीन अडकते. जिच्यासाठी आपण मोर्चे काढले, जेल भोगली, तीच जमीन फीपायी जाते. वनहक्काचा पट्टा कायद्यानं विकता येत नाही, पण तोंडी व्यवहारात कसणारा बदलतोच.

घरचं वर्षाचं उत्पन्न 2.5 लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर आदिवासी पोरांचा हक्क आहे. सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली, तर राहण्या-जेवणासाठी 'स्वयं' योजना आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही.

घोडं अडतं ते कागदांवर. जातीचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि इंजिनिअरिंगसारख्या शिक्षणाला जातीची वैधता. वैधतेसाठी बापाच्या, आजाच्या नोंदी लागतात, महिने जातात. म्हणून निकालाची वाट बघू नका. पोर अकरावीत गेलं की शाळेच्या जुन्या रजिस्टरातले उतारे काढा, अर्ज टाका.

शिष्यवृत्ती उशिरा येते, कॉलेज फी आधी मागतं. तिथं एकट्यानं हात जोडू नका. फीवाचून प्रवेश अडवत असाल तर तसं लेखी द्या म्हणा, आणि सगळे मिळून प्रकल्प कार्यालयात जा.

जमिनीचे दावे आपण गावसभेत बसून भरले. हे अर्जही तिथंच भरू. ज्याला लिहिता येतं त्यानं शेजारच्याचाही भरावा.