खान नदीला नाला म्हणू नका

भंवरकुआंच्या नावातच विहीर आहे. जवळच पिपल्यापाला आणि बिलावली हे तलाव. इंदूर पाणी बघून वसलेलं शहर आहे. पण शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीबद्दल विचारा, बरेच जण म्हणतील, "नदी? अहो, तो तर नाला!"

ही आपली खान नदी; सरकारी कागदांत हल्ली 'कान्ह'. दक्षिणेला उमरिया गावाकडे तिचा उगम. शहरात सरस्वती तिला मिळते आणि सांवेरवरून जाऊन उज्जैनजवळ त्रिवेणीला ती शिप्रेत मिसळते. शिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला मिळते. म्हणजे आपल्या मोरीचं पाणी शेवटी गंगेला जातं! नळाला येतं ते मात्र नर्मदेचं. १९७८ पासून ते जलूदहून पंपाने विंध्याचा चढ चढवून आणलं जातं. नळ उघडला की पाणी हजर, मग घरच्या नदीची कोणाला आठवण?

पूर्वीच्या लोकांना ती होती. ज्याच्यावरून इंदूर हे नाव पडलं म्हणतात, ते इंद्रेश्वराचं देऊळ नदीजवळच आहे. होळकरांच्या छत्र्या कृष्णपुऱ्याला खानच्याच काठी आहेत. आपल्या वाडवडिलांच्या छत्र्या कोणी नाल्याकाठी बांधत नाही.

अस्वच्छतेचा प्रश्न तसा जुनाच. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरबद्दलचा दोन खंडांचा अहवाल दिला. नदी साफ करा, काठ मोकळे ठेवा, तिथे बागा करा, हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षं उलटून गेली, तरी सल्ला शिळा झालेला नाही.

काहीच झालं नाही असंही नाही. नदीत पडणारी सांडपाण्याची तोंडं बंद केली गेली आणि २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं. याचा अभिमान हवाच. पण २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी पाइपातून उज्जैनला वळसा घालून पुढे सोडलं गेलं, आणि आता २०२८ साठी ते बंद नळातून व बोगद्यातून गंभीर नदीकडे न्यायचं काम हाती घेतलं आहे. घाटावर स्नान करणाऱ्यांची काळजी रास्तच आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे: घाण लांब नेऊन सोडली म्हणजे नदी स्वच्छ होत नाही. गंभीरच्या काठीही माणसंच राहतात. "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" ही शिकवण नदीखालच्या गावांनाही लागू आहे.

आपल्या मंडळाने एक काम तरी करावं. इंदूरच्या मराठी घरांतल्या आजी-आजोबांना नदीबद्दल विचारावं, त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. तोवर निदान बोलताना तरी तिला नदी म्हणूया. नाल्यात कचरा टाकताना हात अडखळत नाही. नदीत टाकताना थोडा तरी अडखळतो.