आजी, एसी आणि ॲप

गेल्या मेमध्ये मी मसुऱ्याला आजीच्या खोलीत एसी बसवला आणि तो मुंबईत बसून चालवायचा चंग बांधला. सॉलिड फंडा! आजी एकटी, वय ८१, अंगाला चिकटणारा उकाडा आणि रिमोटशी तिचं जन्माचं वैर.

परदेशात बऱ्याच ठिकाणी थर्मोस्टॅट भिंतीवर असतो आणि अख्खं घर सांभाळतो. आपल्या स्प्लिट एसीचा थर्मोस्टॅट त्याच्याच पोटात, वर छताजवळ. म्हणून मी दोन वस्तू नेल्या. एक, आजीच्या उशाशी ठेवायचा वायरलेस टेम्परेचर सेन्सर. दुसरी, वायफायवरून हुकूम घेऊन एसीला इन्फ्रारेड सिग्नल देणारी डबी.

पहिला दिवस नुसती डोकेफोड. डबी कनेक्टच होईना. अशी बहुतेक यंत्रं २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय पकडतात आणि माझा मोबाइल होता ५ वर! ते जमलं तर रेंज गायब. चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल पिऊन टाकतात, म्हणून राउटर ओटीवरून माजघरात आणला. सेन्सर पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेला, तो ऊन खाऊन ३६ दाखवायचा आणि एसी थांबायचं नाव घेईना. त्याला उशाशी हलवला. डबीसमोरचं कपाट सरकवलं, कारण तिला एसी 'दिसावा' लागतो. लाइट गेली तर राउटरसाठी छोटा यूपीएस. आणि हो, लाइट आल्यावर कंप्रेसर तीनेक मिनिटं गप्प बसतो. तेव्हा टेन्शन घ्यायचं नाही.

तापमान किती? २०२० पासून भारतात स्टार रेटिंगच्या रूम एसीचं डिफॉल्ट २४ अंश आहे. वर प्रत्येक अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. मी २६ ठेवलं आणि खुशाल मुंबईला आले.

आठव्या रात्री, साडेअकरा वाजता, ॲपवर एसी 'चालू', पण सेन्सर ३१! मी २४ केलं, २२ केलं. ढिम्म. डबी रीस्टार्ट केली. तरीही ३१. मग पोटात गोळाच आला. आजी बरी आहे ना?

फोन लावला.

"माका थंडी वाजाक लागली, म्हणान बटण बंद केलंय नि खिडकी उघडलंय," आजी झोपेतच म्हणाली. "चेडवा, माका विचारूचा मां!"

गोम अशी की ती डबी फक्त बोलते, ऐकत नाही. ॲपवरचं 'चालू' म्हणजे 'मी सांगितलं', एवढंच. एसीने ऐकलं का, हे तिला कळत नाही. वीज मोजणारा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावला की कळतं. तो मी लगेच ऑर्डर करणारही होते.

पण मग लक्षात आलं, या आठ दिवसांत मी आजीला एकदाही फोन केला नव्हता. रोज ॲप उघडायचे, २६ दिसलं की आजी मजेत!

प्लग येईल सावकाश. सध्या रात्री नऊला आजीला फोन करते. किती अंश ठेवायचं, ते तीच सांगते.